सतरा नंबरची गाडी

सोमवार, १० जून

ही वही शाळेच्या गाडीची. पहिल्या वीस पानांवर पोरांची हजेरी आहे, पुढची कोरी राहिली होती. निबाल्दोला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्या माणसानंही कुणाशी तरी मोकळं बोलावं. आता कुणाशी बोलू? शेजारच्या ग्लाडिसशी बोलले तर दिवेलागणीच्या आत गल्लीभर होतं. म्हणून वही.

आज पहिली खेप मारली. विमानतळावरून माणसं उचलायची, अख्खं सान्तियागो पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायचं, मग चाळीस वळणं चढून फारेयोनेसला, बर्फाच्या गावी, हॉटेलच्या दारात नेऊन सोडायची. आठवड्यानं तीच माणसं खाली आणायची. माझा नवरा निबाल्दो हे सव्वीस वर्षं करत होता. एप्रिलमध्ये त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी जीभ गेली. आता तो बोलतो ते तोंडात पाव कोंबून बोलल्यासारखं येतं.

बर्फाचा हंगाम जून ते सप्टेंबर. गाडी दारात उभी राहिली तर हॉटेल दुसरी गाडी बघणार, आणि त्या रस्त्यावर एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. मी चौदा वर्षं शाळेची गाडी चालवली आहे, परवाना तोच चालतो. मी त्याला म्हणाले, "एवढा एकच हंगाम. तू बरा होईस्तोवर तुझी जागा धरून ठेवते. नाहीतर त्या डोंगरावर मला कुणी पालखीत घालून नेलं असतं तरी गेले नसते."  तो म्हणाला, "बरं."

आज सातजण होते, सगळे ब्राझीलचे. नवव्या वळणावर एकाचा चेहरा पिवळा पडला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुणाकुणाला उलटी होणारेय त्यांनी हात वर करा!" सात मोठी माणसं, पाच हात वर. मी लिंबाच्या फोडी वाटल्या. एकाच्याच बुटांवर निभावलं.

अंग आंबून गेलंय.

शनिवार, १५ जून

शनिवार-रविवार आणि सणासुदीला रस्ता एकाच दिशेनं चालतो. सकाळी फक्त वर, चारनंतर फक्त खाली. म्हणजे अकराला माणसं उतरवली की चारपर्यंत वर बसून राहायचं. हॉटेलच्या मागे चालकांची एक खोली आहे, एक शेगडी, सहा खुर्च्या, सातवा माणूस उभा. आज सातवी मी होते. मग एकजण उठला, पण जागा द्यायला नाही, लघवीला. मी बसून घेतलं.

त्या रस्त्यावर मोबाइल लागत नाही, सगळं वायरलेसवर चालतं. वळणाला पोचलं की आपला नंबर सांगायचा, वळण सांगायचं, वर की खाली ते सांगायचं. आणि नंबर म्हणजे काय, तर तुम्ही पहिल्यांदा बर्फात ज्या वळणावर अडकलात ते वळण. निबाल्दो सव्वीस वर्षांपूर्वी सतराव्या वळणावर अडकला, तेव्हापासून तो सतरा. त्याचं नाव तिथे निम्म्या लोकांना माहीतच नाही. आपला नंबर आपणच लावून घ्यायचा नाही. ज्यानं रस्ता शिकवला त्यानंच वायरलेसवर त्या नंबरानं पहिली हाक मारायची, मगच तो चिकटतो. आणि एका गाडीला एकच नंबर.

मी अजून अडकले नाही, म्हणून मला नंबर नाही. मी "सतरा, बारावं वळण, वर," असं म्हणते आणि ते मला सतराची बायको म्हणतात. माझं काही बिघडत नाही. मी माझी गाडी चालवत नाहीये, त्याची चालवतेय.

साखळ्या लावणाऱ्यांच्यात नासारिओ म्हणून एक म्हातारा आहे. रस्त्याकडेला उभे राहून बर्फात गाडीच्या चाकांना साखळ्या बांधणं हाच त्यांचा धंदा. मला खिडकी खाली करायला लावून म्हणाला, "बाई, तुम्ही आत बसा, माणसं सांभाळा. सव्वीस वर्षांत तुमच्या नवऱ्यानं मला त्याच्या चाकाला बोट लावू दिलं नाही. आज सूड घेतो." हसत म्हणाला, पण मला झोंबलं.

गुरुवार, २० जून

निबाल्दोचा नवा छंद. संध्याकाळी चहा-पाव झाला की मला समोर बसवतो आणि प्रश्न विचारतो.

"बावीस... वळण. सावली. कधी... पर्यंत?"

"मला काय माहीत? मी सूर्य बघू की रस्ता?"

"दोन... दोन वाजेपर्यंत. बर्फ... काळा. दिसत... नाही."

मग तेहतीस. मग एकोणतीसचा कठडा. घास गिळता गिळता डोळे मिटतात माझे आणि हा मास्तर होऊन बसतो. डॉक्टरीणबाईंनी डाव्या हातानं लिहायचा सराव करायला सांगितलाय, तर तो एका वहीत वळणंच लिहीत बसतो. आकडा, मग दोन वाकडेतिकडे शब्द. पुढच्या वर्षी विसरायला नको म्हणून लिहीत असेल. करू दे बापडा.

वायरलेसचा घरचा संच मी स्वयंपाकघरातल्या कपाटात पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलाय. त्याला ऐकून उगाच तगमग नको. रस्त्यावरचे आवाज ऐकले की माणूस कसा झुरतो ते मी बघितलंय, माझ्या वडिलांचं खाणकाम सुटल्यावर. मला निबाल्दो मरेल याची भीती वाटत नाही. तो रिकामा होऊन नुसता बसून राहील याची वाटते.

मंगळवार, २ जुलै

तीन खेपा. पाठीचा काटा ढिला झालाय.

एका बाईनं विमानतळावर विचारलं, "चालक कुठेत?" म्हटलं, मीच. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं गाडीकडे. मग सगळे मुकाट्यानं चढले, आणि चाळीस वळणं ती बाई जपमाळ ओढत होती. उतरताना गालाला गाल लावून गेली.

घरी आले तर निबाल्दोची खुर्ची स्वयंपाकघरातल्या कपाटाला टेकवलेली. मी विचारलं, इथे कशाला बसलास? म्हणे ऊन येतं. त्या भिंतीला जन्मात ऊन आलेलं नाही. बिस्किटांचा डबा त्याच कपाटात आहे, ते मला कळत नाही होय? खाऊ दे. तेवढीच चव उरलीय त्याच्या आयुष्यात.

मंगळवार, १६ जुलै

लिहायचं नव्हतं. पण आज लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

कार्मेन देवीचा सण, सुट्टी, शाळांनाही सुट्ट्या चालू, रात्रभर बर्फ पडलेला. पायथ्याला गाड्यांची ही रांग. साखळ्या लावणाऱ्यांकडे तासभर थांबावं लागलं असतं. माझ्या डोक्यात नासारिओचं ते बोलणं फिरत होतं. म्हटलं, निबाल्दो लावायचा तर मीही लावीन. सात वर्षांपूर्वी शहराच्या या टोकाला बर्फ पडला होता तेव्हा शाळेच्या गाडीला मीच लावल्या होत्या की! रांगेच्या खाली गाडी बाजूला घेतली, गुडघ्यावर बसले, वीस मिनिटांत लावून मोकळी झाले. पोलिसानं साखळ्या बघितल्या, हात हलवला, सोडलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की मी आतल्या लोकांना गाणं म्हणायला लावलं.

एकतिसाव्या वळणावर गाडी थांबली. नुसती थांबली नाही, मागे घसरली आणि आडवी झाली. मागची चाकं गरगर फिरताहेत, गाडी तसूभर हलत नाही. आत आठ माणसं, एका बाळाचं रडणं. सुट्टीचा दिवस, सगळा रस्ता वर जाणारा, माझ्यामागे दोन-तीनशे गाड्या, भोंगे.

वायरलेसवर सुरू झालं.

"कोण आडवं पडलंय?"

"सतरा."

"काहीतरी बोलू नको. सतरा अडकत नसतो."

"सतरा नाही रे, बायको."

"मग तिला सांगा, स्वयंपाक नंतर कर म्हणावं, आधी रस्ता दे!"

हसले सगळे. मी बाहेर उतरले, घोटाभर बर्फात उभी राहिले, काय करावं सुचेना. चाळीस मिनिटांनी नासारिओ कुणाच्या तरी गाडीच्या पायरीवर लटकून वर आला. त्यानं माझी पुढची चाकं बघितली. मग मागची बघितली. मग टोपी काढली.

"बाई, शाळेची गाडी पुढच्या चाकांनी ओढायची. ही मागच्यांनी ढकलते. तुम्ही बैलाला सोडून गाडीला वेसण घातलीत."

 तो खाली बसला, मीही बसले. मला म्हणाला, तुम्ही राहू द्या. मी म्हटलं, नाही. दोघांनी मिळून काढल्या आणि मागे लावल्या. बोटं बधिर. गाडी निघाली. उरलेली नऊ वळणं मी चढले, माणसं उतरवली, बाळाच्या आईनं माझी क्षमा मागितली, कशाबद्दल देव जाणे.

मग मी वायरलेस उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी सतराची बायको बोलतेय. झालं ते झालं. हसायचं तेवढं हसा. पण निबाल्दोच्या कानावर कुणी घालायचं नाही. त्याला वाटतंय त्याची गाडी नीट हातात आहे. हात जोडते."

 मग कुणीतरी म्हणालं, "कळलं, बाई."

संध्याकाळी निबाल्दोनं प्रश्न विचारले नाहीत. महिन्याभरात पहिल्यांदा. मी म्हटलं, "आज परीक्षा नाही का मास्तर?"

"सण. सुट्टी."

त्यानं डाव्या हातानं माझा कप भरला, निम्मा चहा बशीत. मग विचारलं, "गारठलीस?"

"गाडीत हीटर आहे."

"बाहेर."

"बाहेर कशाला जाईन मी?"

तो बशीतला चहा परत कपात ओतत बसला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

गुरुवार, १८ जुलै

आज पहाटे गाडी काढायला गेले तर मागच्या दोन्ही चाकांच्या वर लाल लोकरीचे गोंडे बांधलेले. ग्लाडिस म्हणाली, निबाल्दोनं काल दुपारी तिच्याकडून बांधून घेतले, स्वतः काठी टेकत समोर उभा राहून. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या पोरांना बांधतात तसे. आयुष्यभर देवळाच्या दारात सिगारेट ओढत उभा राहणारा माणूस, आजारपणानं देवभोळा झाला. आणि बांधायचे तर पुढे बांधावेत ना, आरशाला? मागे कुणाला दिसतात!

ग्लाडिस आणखी म्हणाली की काल तो अर्धा तास फोनवर होता आणि नंतर घामाघूम होऊन झोपला. मी विचारलं, कुणाला फोन? म्हणाला, विमावाले.

त्यांच्याकडून काही मिळेल तर शप्पथ.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंकडे आज मी एकटीच गेले होते, कागद आणायला. सरळच विचारलं, गाडी कधी चालवेल? त्यांनी चष्मा काढला. माणसं चष्मा काढतात तेव्हाच मला कळतं.

"ओरिएता बाई, हात थोडा सुधारेल. पण उजव्या बाजूचं त्यांना दिसतच नाहीये. ते येणार नाही. गाडी नाही, कधीच नाही."

"त्याला सांगितलंत?"

"तुम्ही सांगावं असं मला वाटतं."

मी कसं सांगू? मीच त्याला म्हटलं होतं, तुझी जागा धरून ठेवते. तो रोज वळणं लिहितोय. मला लिफ्टनं उतरायचंही सुचलं नाही, सात मजले चालत उतरले.

घरी आल्यावर त्यानं भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "सुधारणा आहे म्हणाल्या. पुढच्या हंगामाला बघू म्हणाल्या."

तो हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसला. "बरं," म्हणाला. आणि वही काढली. "एकोणीस. मोरी. कुठल्या... बाजूला?"

"डाव्या," मी म्हणाले. बरोबर होतं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. देवीचा आणखी एक सण. रस्ता सकाळी वरचा. चारपर्यंत त्या खोलीत. आता माझी खुर्ची ठरलेली आहे, शेगडीच्या डावीकडची. मी यायच्या आधी तिच्यावर कुणी बसत नाही. मटार सोलायला नेले होते, चोवीस नंबरवाला आणि पंधरावाला दोघंही सोलू लागले. पंधरावाल्याची बायको सोडून गेलीय. सोलता सोलता सांगत होता आणि दर चार दाण्यांमागे दोन तोंडात टाकत होता.

हॉटेलच्या व्यवस्थापक इव्होन बाईंनी सगळ्यांना एकेक पाकीट दिलं. पुढच्या वर्षीचा करार. गाडी कोणती, चालक कोण, सही. पंधरा सप्टेंबरच्या आत.

चालक कोण. एवढीशी रेघ आहे. माझं नाव लिहिलं तर त्याला कळेल, त्याचं लिहिलं तर खोटं. पाकीट पर्समध्ये टाकलंय, लिंबांच्या खाली.

बुधवार, २१ ऑगस्ट

भांडण झालं. मीच केलं. चार वाजता उठलेली, दोन विमानं उशिरा, एकाची बर्फावर घसरायची पाटी हरवली तर ती जणू मीच खाल्ली असं बोलला. घरी आल्याआल्या, "बावीस. सावली..."

"दोन वाजेपर्यंत! काळा बर्फ! दिसत नाही! पाठ झालंय मला! तुझा रस्ता तुझ्याकडे ठेव, मला झोपू दे!"

त्यानं वही मिटली. डाव्या हातानं मिटायलाही त्याला वेळ लागतो. ते बघत उभं राहणं फार वाईट होतं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

बावीस नंबरचं वळण. साडेदहाला माझ्या पुढची लाल गाडी तिथेच गिरकी घेऊन कठड्याला लागली. कुणाला इजा नाही. मी दोनशे मीटर आधीच वेग उतरवला होता, पायाला आपोआप कळलं. माझी गाडी त्या गाडीच्या चार हातांवर थांबली. मागे सहा माणसं. वायरलेसवर मी म्हटलं, "बावीसला काळा बर्फ, सगळ्यांनी सावकाश." एकही माणूस चेष्टेनं बोलला नाही. मागून एकेकाचं "कळलं, बाई", "कळलं, बाई" येत राहिलं.

घरी निबाल्दोला काही सांगितलं नाही. फक्त जेवल्यावर स्वतःच वही पुढे सरकवली. म्हटलं, "विचार."

तेव्हा त्यानं असा चेहरा केला की मला पुन्हा नळ सोडावा लागला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

बर्फ उतरायला लागलाय. खालच्या वळणांवर नाहीच. संपत आलं. बरं वाटायला हवं. आज चाळिसाव्या वळणावर क्षणभर थांबले, काम काही नव्हतं. खाली सगळं शहर धुराच्या थराखाली. उरलेले दिवस मोजले आणि मला वाईट वाटलं. हे निबाल्दोला सांगणं शक्य नाही. त्याच्या जागेवर बसून मला तिचा लळा लागावा, हे चोरी केल्यासारखं वाटतं.

पाकीट अजून लिंबांखालीच.

शनिवार, १४ सप्टेंबर

उद्या पंधरा तारीख. काल ठरवलं होतं, त्याचंच नाव लिहायचं. पुढच्या जूनमध्ये काय ते बघू, तोवर त्याला आठ-नऊ महिने तरी बरे जातील. वर पोचल्यावर चालकांच्या खोलीत बसून लिहिलं, निबाल्दो सेपुल्वेदा. सही केली आणि इव्होन बाईंच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"हा कशाला? तुमचं केव्हाच झालंय."

"माझं काय झालंय?"

त्यांनी फाइल काढली. "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. मला आधी वाटलं कुणीतरी पिऊन बोलतंय, ठेवणारच होते. अर्धा तास लागला त्यांना. पुढच्या वर्षीपासून चालक ओरिएता बुस्तोस, लिहून घ्या म्हणाले. मी दोनदा विचारलं, नक्की ना? तर म्हणाले, ती अडकली आणि तरी वर पोचली."

"कधी?"

"सतरा जुलै. आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. हात जोडतो म्हणाले."

मी खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी दिलं ते प्यायले. सोळाला मी अडकले होते. लाल गोंडे मागच्या चाकांवर होते. त्या भिंतीला ऊन येत नाही. दोन महिने मी त्याच्यापासून लपवत होते आणि तो माझ्यापासून, एकाच टेबलावर, चहा पीत.

त्याचं नाव लिहिलेला कागद मी परत मागितला. इव्होन बाई म्हणाल्या, फाडून टाका, मिस्टरांना मी कळवते. मी घडी करून या वहीत ठेवलाय.

चारला रस्ता खाली सुटला. गाडीत सहा माणसं. चाळिसाव्या वळणावर वायरलेस हातात घेतला. रोज तोंडात असलेलं "सतरा" येईना. दुसरं काही म्हणायचा मला हक्क नाही. बटण दाबून नुसती धरून होते. मग सोडलं.

एकोणचाळीस गेलं. अडतीस.

आणि आवाज आला. खरखर, श्वास, आणि कुणीतरी तोंडात पाव कोंबून बोलल्यासारखं.

"एक... तीस."

इव्होन बाईंना केलेला तो एक फोन सोडला तर आजारी पडल्यापासून तो कुणाही परक्यासमोर बोललेला नाही. पाववाल्यासमोरसुद्धा नाही. आता सगळा डोंगर ऐकत होता.

"एकतीस. कुठे... पोचलीस?"

 इतक्या गाड्या रस्त्यावर, एकही आवाज नाही. मग कुणाच्या तरी गाडीतल्या वायरलेसवरून नासारिओ हळूच म्हणाला, "द्या की उत्तर, बाई."

सदतिसाव्या वळणाच्या आधी बाजूला जागा आहे, तिथे गाडी घेतली. मागच्या बाईनं विचारलं, काही बिघडलंय का. मी मान हलवली. डोळे पुसले, बटण दाबलं.

"एकतीस," मी म्हणाले. "सदतिसावं वळण, खाली. सहा माणसं. येतेय."

"बावीस..."

"सावली. माहितीये रे, म्हाताऱ्या."

मग कुठे ते सगळे एकदम बोलायला लागले, पंधरा, चोवीस, सगळे, कुणाचं काही कळेना. मी गाडी काढली. एकतिसावं वळण नेहमीसारखंच होतं, ओलं, रिकामं. सतरावरून जाताना मात्र मी भोंगा वाजवला. मागून येणाऱ्या प्रत्येकानं तिथे वाजवला, खाली पोचेपर्यंत ऐकू येत होतं.

माणसं विमानतळावर सोडून घरी आले. कपाट उघडं, पिठाचा डबा ओट्यावर, संच समोर आणि हा त्याच्या खुर्चीत. शेगडीवर सूप करपलेलं. ग्लाडिसनं ढवळायला सांगून ठेवलं होतं, हा जागचा हललाच नव्हता.

मी दोन वाडग्यांत वाढलं, वरवरचं. बसले. त्याच्याकडे बघून काही बोलायला गेले तर तो म्हणाला, "खा. गार... होतंय."

करपट होतं. दोघांनी संपवलं. संच मी कपाटात परत ठेवला नाही. उद्या सहाचं विमान आहे.